लॉट नंबर अठ्ठेचाळीस

डेपोच्या फाटकातून मी आत शिरले तेव्हा माझ्या एका हातात लाल उशी होती, दुसऱ्या हातात झेंडूचा हार आणि नारळ, आणि खांद्यावरच्या पिशवीत आरशाला टांगायचं लोकरीचं माकड. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मला जी लाज वाटली तिची सुरुवात या माकडापासून होते.

मी जीप न्यायला आले होते. साधीसुधी नाही, लष्करानं निकालात काढलेली जोंगा. उघडी, हिरवी, पुढे गोल दिवे. सरकारी ई-लिलावात मी ती स्वतः बोली लावून जिंकली होती, आणि गेले दहा दिवस इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या ऑफिसच्या अख्ख्या मजल्याला ते ऐकवत होते.

हवालदारानं यादीवरून बोट फिरवलं. "लॉट नंबर अडतालीस... प्रांजली खांबेटे? वो रही आपकी गाडी."

त्यानं दाखवलं तिकडे गवतात एक ट्रक उभा होता. मी ट्रकच्या मागे वाकून पाहिलं. मागे भिंत होती.

"जीप...?"

"जीप तो सैंतालीस है, मॅडम. कल ही गयी. अडतालीस ये है."

ट्रक हिरवा होता, एवढंच त्यातलं माझ्या मनासारखं. दोन टायर बसलेले. हौद्यावर लोखंडी कमानी, पण ताडपत्री नाही. बॉनेटवर चिमण्यांनी सवडीनं संसार केल्याच्या खुणा. शेजारी चार-पाच भंगारवाले आपापले लॉट उचलायला आले होते. त्यांच्यातला एक माझ्याकडे बघून दुसऱ्याच्या कानाशी काहीतरी बोलला आणि दोघं हसले. उशीकडे बघून हसलेलं कळायला कन्नड यावं लागत नाही.

"अगं आई गं," मी पुटपुटले.

"तुम्ही मराठी की?" मागून कुणीतरी म्हणालं.

वळून पाहिलं. तिशीचा एक उंच माणूस, बाह्या दुमडलेल्या, खांद्यावर ओढायची साखळी. तो हसत नव्हता. ट्रककडे बघत होता... मग माझ्याकडे बघू लागला. अशा नजरेनं आजवर मला कुणी पाहिलं नव्हतं. त्या नजरेत चक्क आदर होता.

"अठ्ठेचाळीस तुम्ही घेतला?"

"हो."

"जीप सोडून, हाच?"

खरं बोलायला एक शब्द पुरला असता. पण भंगारवाले अजून हसत होते, हवालदार सही घ्यायला ताटकळला होता, आणि हा माणूस एकटाच असा उभा होता की जणू मी काही मोठं काम करून आलेय.

"हाच," मी म्हणाले. "मला पहिल्यापासून हाच हवा होता."

"वन-टन. एक टन ओझ्याचा ट्रक," तो हळूच म्हणाला. "सगळे जोंगा मागतात. वन-टन कोणी मागत नाही." आणि मग तो हसला. गालाला एकाच बाजूला खळी पडणारं, जरा लाजरं हसू. त्या हसण्यासाठी मी आणखी दोन गोष्टी खोट्या बोलले असते. पुढे बोललेही.

"आणि ही उशी?"

"सीट कडक असते ना," मी म्हणाले. "लांबचा प्रवास."

"असते की," तो गंभीरपणे म्हणाला. "विचार करून आलाय तुम्ही."

चूक कशी झाली तेही सांगते. मी सॉफ्टवेअर तपासते. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या पानांवर कुठलं बटण भलत्या जागी आहे, कुठला फोटो भलत्याच मजकुराला चिकटलाय, हे शोधण्याचाच मला पगार मिळतो. त्या लिलावाच्या पानावर प्रत्येक लॉटचं नाव वर आणि फोटो खाली होता. मी उलटं धरलं. जोंगाच्या फोटोखाली 'लॉट ४८' दिसलं, वर्णनात निस्सान, पेट्रोल, फोर बाय फोर. जोंगाही निस्सानच, पेट्रोलच. पुढचा शब्द वाचायची तसदी घेतली नाही. लिलावाआधी डेपोत जाऊन गाडी बघायची सोय असते, तेव्हा माझी मीटिंग होती. लिलाव होता तेव्हाही मीटिंगच होती. टेबलाखाली फोन धरून मी बोली लावत होते. शेवटच्या मिनिटांत कुणी बोली लावली की वेळ पुढे सरकते, आणि समोरचा एकजण सोडतच नव्हता. तो वाढवी, मी वाढवी. पाऊण तास हे चाललं होतं. शेवटी तो थांबला, आणि मी टेबलाखाली मूठ आवळली. कुणाला तरी हरवल्याचा तो आनंद मला चांगला आठवतो. आज तोच सगळ्यात जास्त खुपतो.

माझ्या इमारतीत स्कूटर लावायला जागा मिळवतानाही भांडावं लागतं. ट्रक कुठे ठेवणार? साखळीवाल्या माणसानं विचारलं, मी खांदे उडवले, आणि तो म्हणाला, "आमच्याकडं ठेवा की. आनेकलच्या बाहेर शेत आहे, शेड आहे. मी ट्रॅक्टर, पंपसेट दुरुस्त करतो. याला पण उभं करू."

त्याचं नाव यशोवर्धन. दुपारी ट्रक एका मोठ्या लॉरीवर चढवला. लॉरीच्या पुढच्या सीटवर ड्रायव्हर, मध्ये तो आणि खिडकीशी मी, मांडीवर उशी.

"आमची मराठी तुम्हाला गंमतीची वाटत असेल," तो म्हणाला. "शहाजीराजांच्या वेळंला आमची माणसं इकडं आली. त्यानंतर कोणी दुरुस्त करायला आलंच नाही."

"चालू स्थितीत आहे की," मी म्हणाले. 'की' हा त्याचा शब्द माझ्या तोंडून कसा निसटला कुणास ठाऊक. तो बाहेर बघायला लागला, पण खळी मला दिसली होती.

ऑफिसात मी सांगितलं, जीप दुरुस्तीला टाकलीय. आनेकलमध्ये सांगितलं, ट्रकचं लहानपणापासून वेड आहे. दोन गावांत दोन थापा, आणि मधे चंदापूरला बस बदलायची. दर रविवारी सकाळी मी ती बदलत होते.

पहिल्या रविवारी खरं सांगायचं ठरवूनच गेले होते. त्यानं माझ्या हातात एक पाना दिला. एकच.

"ह्या एका पान्यानं अर्धी गाडी उघडते," तो म्हणाला. "का सांगा."

"का?"

"बनवणाऱ्याला ठाऊक होतं. ही गाडी कुठंतरी डोंगरात बंद पडणार, अंधार असणार, थंडी असणार, आणि दुरुस्त करणारा वीस वर्षांचा दमलेला पोरगा असणार. त्याला सोपं जायला पायजे."

मी पाना लावला, नट फिरला, आणि लोखंडाचं जड झाकण माझ्या हातात आलं. माझ्या कामात काहीच कधी हातात येत नाही. मी दिवसभर ज्या चुका शोधते त्यांना वजन नसतं, वास नसतो. इथे तेल, जुनी ताडपत्री, तापलेला रंग... नखात गेलेलं काळं चार दिवस निघालं नाही आणि मी ते ऑफिसात टेबलाखाली लपवलं. लपवता लपवता बघतही होते.

मग हौद्यातल्या बाकाखाली मला खिळ्यानं कोरलेली अक्षरं सापडली. 'छुट्टी १९ दिन'. त्याखाली 'छुट्टी १२ दिन'. त्याखाली नुसतं 'कल'. कोण होता, कुठे घरी गेला, काही कळायला मार्ग नव्हता. मी तिथे गुडघ्यांवर बराच वेळ बसून राहिले. मला हा ट्रक नको होता, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट आठवेना.

"रडताय काय?" यशोवर्धननं खालून विचारलं.

"धूळ आहे."

"स्वल्प धूळ आहे," तो म्हणाला आणि स्वच्छ फडकं वर दिलं. त्याच्याकडे स्वच्छ फडकं असतं हेच मला नवीन होतं.

ऑगस्टच्या एका दुपारी शेडच्या पत्र्यावर पाऊस असा वाजायला लागला की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. आम्ही दोघं बॉनेटखाली वाकलेलो. तो काहीतरी म्हणाला. मी हातानंच विचारलं, काय? तो जवळ सरकला, माझ्या कानाशी आला. त्याच्या शर्टाला रॉकेलचा आणि साबणाचा वास होता.

"म्हटलं, तुमच्या पुण्यात मुली ट्रक घेतात काय?"

"पुण्यात मुली काहीही घेतात," मी त्याच्या कानाशी म्हणाले. "परत करायला पावती मात्र ठेवतात."

"ह्याची ठेवलीय?"

"ठेवली होती... आता सापडत नाही."

तो मागे सरकला नाही. मीही नाही. पाऊस थांबला तेव्हा आम्ही दोघंही एकदम कार्ब्युरेटरमध्ये फार रस घ्यायला लागलो.

त्याच संध्याकाळी त्यानं मला रोटर दाखवला. घरातून एक तंबाखूची जुनी डबी आणली, उघडली. आत कापसात अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा, वर पितळेची पट्टी.

"लष्कराच्या ह्या गाडीला किल्ली नसते," तो म्हणाला. "बटण फिरवलं, स्टार्टर दाबला, निघाली. मग चोरीला जाऊ नये म्हणून काय करायचं? डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढायचं, आतला रोटर काढून खिशात टाकायचा. सहा प्लगांना ठिणगी वाटणारा हाच. हा नसला की अख्खी गाडी नुसतं लोखंड."

"आणि हा कुणाचा?"

"आज्जांचा. व्यंकोजी आज्जा. सैन्यात ड्रायव्हर होते, हीच वन-टन चालवायचे. रिटायर झाले त्या दिवशी शेवटची गाडी लावली, सवयीनं रोटर खिशात टाकला, निरोप घेतला, रेल्वेत बसले. घरी आल्यावर खिशात हात घातला तर हा." तो डबीकडे बघत होता. "परत पाठवला तर विचारतील, शिक्षा करतील, म्हणून भ्यायले. आणि नाही पाठवला म्हणून आयुष्यभर लाज वाटली. दुसऱ्या दिवशी माझ्यामुळं गाडी उभी राहिली असेल म्हणायचे. शेवटच्या दुखण्यात पण तेच. गाडी उभी राहिली असेल रे..."

मी डबीतला कापूस बोटानं सारखा केला.

"हा परत एका वन-टनमध्ये बसवायचा, असं मी त्यांना म्हटलं होतं. तुमच्या गाडीत रोटर नाहीच आहे." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "बसवू?"

"माझ्या गाडीत का?"

"दुसऱ्या कुणाला द्यावासा वाटला नसता. ज्याला ही गाडी मनापासून पायजे होती, त्याच्याच गाडीत जावा."

माझे कान इतके तापले की ते दिसत असणार असं वाटलं. त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी मान हलवली, आणि त्यानं कापूस बाजूला करून आपल्या आज्जाचा रोटर माझ्या खोट्या ट्रकमध्ये बसवला. परतीच्या बसमध्ये मी स्वतःला जे जे म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतर गाडी सुरू व्हायला हवी होती. होत नव्हती. रविवारी मी बटण फिरवायची, स्टार्टर दाबायची, इंजिन घरघरायचं आणि थांबायचं. यशोवर्धन डोकं खाजवायचा. "पुढच्या रविवारी बघू." गणपती झाले, पितृपक्ष झाला. खरं सांगायचं तर मला घाई नव्हती. गाडी सुरू झाली की मी कशाला येणार आनेकलला? आणि गाडी सुरू होईपर्यंत सांगायचं टाळता येत होतं. माझ्यातली भित्री आणि माझ्यातली प्रेमात पडलेली, दोघींचं यावर एकमत होतं.

नवरात्राच्या रविवारी त्याची आई, भाग्यलक्ष्मी, ओट्यावर खोबरं खवत बसली होती. मी पहिल्यांदा काकू म्हटलं तेव्हाच तिनं सांगितलं होतं, काकू नको, अक्का म्हण, सगळे तेच म्हणतात.

"ऊटा झालं काय ग पुट्टी?" तिनं विचारलं. जेवण झालं का बाळ, असं. मग समोर पाट सरकवला. "खंडेनवमीला येणार ना? गाडीची पूजा आहे. तू मालकीण, कोहळा तूच फोडायचा."

"येईन, अक्का."

"बरं झालं गाडी तुझ्याकडं गेली. भंगारवाल्यानं कापली असती. त्या दिवशी तर हा जेवलाच नाही."

"कुठल्या दिवशी?"

"लिलावाच्या. चार वर्षं शोधत होता ग. वन-टन यायच्या, पण दहा-दहा एकदम, ते भंगारवालेच घेणार. ही एकटी आली. सकाळपासून फोन घेऊन त्या चिंचेखाली बसला. वाढवतोय, वाढवतोय, समोरचं माणूस सोडंना. जुना ट्रॅक्टर विकलेले पैसे होते, तिथपर्यंत गेला. मग उठला. मला म्हणाला, अम्मा, ज्याला आपल्यापेक्षा इतकं जास्त पायजे आहे, त्याच्याकडंच जाऊ दे." तिनं खोबऱ्याची वाटी फिरवली. "आणि बघ, तू निघालीस. सरी झालं, बरोबर झालं की नाही?"

टेबलाखाली आवळलेली मूठ मला आठवली.

"पुट्टी? काय झालं ग?"

"काही नाही," मी म्हणाले. शेडमधून त्याची हाक आली, चहा घेताय काय, म्हणून. मी डोकं दुखतंय असं सांगून बस पकडली. मागे वळून पाहिलं नाही, कारण तो फाटकाशी येऊन उभा राहणार हे मला माहीत होतं.

त्या आठवड्यात मी जेवले किती, झोपले किती, विचारू नका. मी एका माणसाकडून त्याची गाडी हिसकावली होती. हवी असती म्हणून घेतली असती तरी एक वेळ चाललं असतं. मला ती नकोच होती. वर त्यानं मलाच आदरानं पाहिलं होतं, आज्जाचा रोटर दिला होता, आणि मी तो घेतला होता. एकदा वाटलं, जाऊच नये. पत्र लिहावं, गाडी त्याच्या नावावर करून द्यावी, संपवावं. मग व्यंकोजी आज्जा आठवले. पाठवायचं राहून गेलं की काय होतं ते मी ऐकलं होतं.

खंडेनवमीला आनेकलचा रस्ता झेंडूनं आणि केळीच्या खांबांनी भरला होता. बसला हार, रिक्षांना हार, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या पंपालासुद्धा हार. शेडमध्ये ट्रॅक्टर धुऊन ठेवला होता, पाने ओळीनं मांडून कुंकू लावलं होतं, आणि मधोमध माझा ट्रक. त्याला नवी ताडपत्री घातली होती. आतल्या सीटवर माझी लाल उशी होती. आरशाला लोकरीचं माकड. ते मी पहिल्याच दिवशी शेडमध्ये विसरले होते. त्यानं जपून ठेवलं होतं.

माकड पाहिलं आणि मला राहवेना.

घरचे सगळे जमले होते. अक्कानं कोहळा माझ्या हातात दिला, वर भगदाड पाडून कुंकू भरलेला. "ओवाळ आणि चाकापुढं फोड."

"मला नाही फोडता येणार," मी म्हणाले.

"का ग? जड आहे?"

"मला ही गाडी नको होती." माझा आवाज मलाच परका वाटला. "मी जीपवर बोली लावत होते. फोटो चुकीचा बघितला. डेपोत येईपर्यंत मला ठाऊकच नव्हतं. सगळे हसत होते, म्हणून मी... म्हणून मी म्हणाले हाच हवा होता. वेड वगैरे काही नव्हतं. तुम्ही तिकडे चिंचेखाली बसून बोली लावत होतात, आणि मी इकडे मीटिंगमध्ये नुसतं जिंकायचं म्हणून वाढवत होते. रोटरच्या दिवशी तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मला लाज वाटते. गाडी तुमची आहे. मी नावावर करून देते."

यशोवर्धन माझ्याकडे बघतही नव्हता. मान खाली घालून तो शेडच्या मागच्या दारानं बाहेर गेला.

मी कोहळा जमिनीवर ठेवला आणि फाटकाकडे चालायला लागले. लोक म्हणतात खरं बोलून हलकं वाटतं. मला काही वाटलं नाही तसं. फाटकाबाहेर बस थांब्याचा दगड होता, त्यावर बसले आणि बसची वाट बघायला लागले.

बसच्या आधी तो आला. शेजारी बसला नाही, समोर उभा राहिला.

"गाडी गणपतीच्या आधीच झाली होती," तो म्हणाला.

मला कळलं नाही.

"तयार होती. मीच चालवून बघितली शेतात. मस्त चालते." त्यानं खिशातून हात काढला. तळव्यावर तो तपकिरी तुकडा होता. "दर शनिवारी मी हा काढून ठेवायचो. तुम्ही रविवारी स्टार्टर दाबायचात, आणि हा माझ्या खिशात."

"का?"

तो इतका लाल झाला होता की मला माझी लाज क्षणभर विसरायला झाली.

"पहिलं वेगळं होतं. डेपोत मी काही घ्यायला आलो नव्हतो. साखळी अशीच खांद्यावर टाकलेली. कोण आहे ते बघायला आलो होतो, ज्यानं मला हरवलं. बघितलं तर उशी घेतलेली मुलगी. म्हटलं, हौस आहे, दोन महिन्यांत कंटाळेल. आपल्याकडंच ठेवू, काम लांबवू, मग स्वस्तात देईल. म्हणून शेड देतो म्हणालो." त्यानं फाटकाकडे पाहिलं. "अम्माला पण हे ठाऊक नाही."

"मग?"

"मग तुम्ही कंटाळलाच नाही. बाकाखाली जाऊन रडलात. तेव्हा मी हिशोब सोडला, गाडी मनापासून पुरी केली. पुरी झाली आणि कळलं, आता ही चालू झाली की तुम्ही घेऊन जाणार. मग..." त्यानं रोटर बोटांत फिरवला. "आज्जा चुकून घेऊन आले होते. मी मुद्दाम घेत होतो. त्यांच्याच वस्तूनं. लाज कुणाला वाटायला पायजे, सांगा."

"मला," मी म्हणाले. "मी आधी खोटं बोलले."

"मी जास्त वेळा बोललो."

"माझं खोटं मोठं होतं. एक टनाचं."

त्याच्या गालावर खळी यायला लागली, त्यानं ती दाबली. "तुम्हाला खरंच नको होती ही गाडी?"

"तेव्हा नको होती." मी उठून उभी राहिले. "आता ती सोडून मला जोंगा कुणी फुकट दिली तरी नको. आणि मी गाडीबद्दलच बोलतेय असं समजू नका."

बस आली, थांबली, कंडक्टरनं आमच्याकडे पाहिलं. आम्ही दोघंही जागचे हललो नाही, तेव्हा बस गेली.

आम्ही परत आलो तेव्हा अक्का तिथेच उभी होती, कोहळा पोटाशी धरून. "नावावर करून देते म्हणते," यशोवर्धन तिला म्हणाला, "मी घेणार नाही. कुणाची कीव म्हणून नको."

"कीव नाही, तुमचीच आहे," मी म्हणाले.

"माझी नाही."

"कुणाच्या नावावर म्हणून भांडताय कशाला?" अक्का म्हणाली. "मालकीणच इथं राहायला आली तर गाडी कुठं जाते?"

मी जमिनीकडे बघायला लागले. यशोवर्धन छपराकडे. घरच्यांपैकी कुणीतरी खोकलं.

"अम्मा..." तो म्हणाला.

"मी गाडीचं बोलले," अक्का म्हणाली आणि कोहळा माझ्या हातात दिला.

मी रोटर त्याच्या तळव्यावरून उचलला. बॉनेट मी उघडलं, डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाच्या दोन पट्ट्या मी सोडवल्या, रोटर बसवला, झाकण लावलं. त्यानं हात लावला नाही. मग कोहळा ओवाळून चाकापुढे फोडला, सीटवर चढले, लाल उशीवर बसले, बटण फिरवलं, स्टार्टर दाबला. तीन वेळा घरघर झाली आणि चौथ्यांदा इंजिन असं लागलं की आरशाला टांगलेलं माकड थरथरायला लागलं. यशोवर्धन बॉनेटच्या पलीकडे उभा होता. त्यानं डोळे पुसले, आणि मला खूण केली, स्वल्प धूळ आहे. रस्त्यावर आणायचे कागद अजून व्हायचे होते, म्हणून शेताच्या बांधावरून तीन फेऱ्या मारल्या. पहिली मी, दुसरी त्यानं, तिसरी कुणी चालवली ते सांगणार नाही, कारण त्या फेरीत गाडी चिंचेखाली बराच वेळ उभी होती.

संध्याकाळी चुरमुरे-डाळ्याची पुडी घेऊन मी निघाले. निघताना पुन्हा बॉनेट उघडलं, रोटर काढला, रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला.

तो बघत होता. "हे काय?"

"आता रविवारपर्यंत गाडी जागची हलायची नाही."

"गाडी तुमच्या नावावर, रोटर तुमच्या पर्समध्ये," तो म्हणाला. "माझ्याकडं काय राहिलं?"

"मी येते की," मी म्हणाले.

सोमवारी ऑफिसात कुणीतरी विचारलं, जीपचं काय झालं? मी फोन काढून फोटो दाखवला: हार घातलेला ट्रक, त्याच्या दारात उभा एक उंच माणूस. चूक कशी झाली ते सगळं सांगितलं, फोटो, नाव, वर-खाली, सगळं. मजला पोट धरून हसला. माझे कान तापले, नेहमीसारखेच. मी पर्समध्ये हात घालून रुमालातला तो कडक तुकडा घट्ट धरला आणि त्यांचं हसून होईपर्यंत उभी राहिले.